सेल्फीत डावं-उजवं का बदलतं: कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसतं ते आणि फोटोत येतं ते

गणपतीत मखरासमोर उभं राहून सेल्फी काढताना स्क्रीनकडे नीट बघा. घरातली मूर्ती डाव्या सोंडेची आहे, म्हणजे सोंड गणपतीच्या स्वतःच्या डाव्या हाताकडे वळलेली. फ्रंट कॅमेरा सुरू केला की स्क्रीनवर ती सोंड दुसऱ्या बाजूला गेलेली दिसते. मोदक उजव्या हातात येतो, आशीर्वादाचा हात डावा होतो. घरचा साधा गणपती बघता बघता उजव्या सोंडेचा, कडक सोवळ्याचा होऊन बसतो. शेजारी उभ्या असलेल्या काकूंच्या नऊवारीचा पदरही खांदा बदलतो आणि त्यांची नथ दुसऱ्या नाकपुडीत जाते. बटण दाबून गॅलरी उघडली तर काही फोनांत सगळं पुन्हा जागच्या जागी आलेलं असतं आणि काही फोनांत नसतं.

यात फोन बिघडलेला नसतो. स्क्रीनवर दिसणारं चित्र आणि साठवला जाणारा फोटो ही दोन वेगवेगळी चित्रं आहेत. ती एकाच सेन्सरमधून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपमधून, निघतात, पण दोन वेगळ्या कामांसाठी तयार होतात. पहिलं फोटो काढणाऱ्याच्या सोयीचं असतं, दुसरी नोंद असते. हा फरक कळला की डाव्या-उजव्याचं कोडं तर सुटतंच, शिवाय स्क्रीनवर छान दिसलेला फोटो घरी येऊन बघितल्यावर हललेला किंवा काळपट का निघतो, तेही समजतं.

आरसा काय उलटवतो

आरसा डाव्याचं उजवं करतो असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. खरं तर तो तसं काही करत नाही. आरशासमोर उभं राहून उजवा हात वर करा. आरशातला हात उजव्याच बाजूला वर होतो. डोकं वरच राहतं, पाय खालीच राहतात. आरसा फक्त पुढची आणि मागची दिशा उलटवतो. तुम्ही उत्तरेकडे तोंड करून उभे असाल तर आरशातल्या माणसाचं तोंड दक्षिणेकडे असतं, पण पूर्वेकडचा हात पूर्वेकडेच असतो.

मग डावं-उजवं बदललं असं का वाटतं? कारण खरा माणूस आपल्यासमोर येऊन उभा राहतो तो वळून. वळल्यामुळे त्याचा उजवा हात आपल्या डाव्या हातासमोर येतो. समोरच्या माणसाकडे बघायची आपल्याला हीच सवय आहे. आरशातला माणूस मात्र वळलेला नसतो, आणि आपण त्याला वळलेला धरून चालतो.

एक छोटा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर मार्करने आपलं नाव लिहा. नाव स्वतःला सरळ वाचता येईल असा तो तुकडा आरशासमोर धरा. आरशातही नाव सरळच वाचता येतं. आता तेच नाव कागदावर लिहून आरशाला दाखवा. ते उलटं दिसतं, कारण आरशाला दाखवताना कागद तुम्ही स्वतः पालथा केलात. उलटापालट हाताने झाली, आरशाने नव्हे.

कॅमेरा या हिशोबात समोर येऊन उभा राहिलेला दुसरा माणूस आहे. तुमचा उजवा हात त्याच्या डावीकडे येतो आणि फोटोतही डावीकडेच येतो. लोक तुम्हाला रोज जसे बघतात तसा हा फोटो असतो. त्यामुळे फ्रंट कॅमेऱ्याने काढलेला फोटो मुळात सरळच असतो. आरशासारखं चित्र मुद्दाम तयार करावं लागतं, आणि ते का करतात हे पुढे येईलच. त्याआधी सेन्सरवर काय पडतं ते बघू.

लेन्सच्या मागचं चित्र

लेन्समधून आत आलेलं चित्र सेन्सरवर उलटं पडतं. डोक्याकडून निघालेला प्रकाश सेन्सरच्या खालच्या भागावर पोचतो, पायाकडून निघालेला वरच्या भागावर. डावी बाजू उजवीकडे जाते आणि उजवी डावीकडे. ऐकायला हे आरशासारखं वाटतं, पण तसं नाही. मागच्या बाजूने, म्हणजे आपण कॅमेरा धरतो त्या बाजूने बघितलं, तर हे चित्र फक्त १८० अंशांत फिरलेलं असतं. फिरलेलं चित्र परत फिरवलं की सरळ होतं. आरशातलं अक्षर कसंही फिरवा, ते सरळ होत नाही. कागदावरचा 'क' डोक्यावर उभा केला तर कागद फिरवून तो पुन्हा वाचता येतो. आरशातला 'क' वाचायला दुसरा आरसाच लागतो.

सगळ्याची मेख आहे ती चित्र कोणत्या बाजूने बघायचं यात. १८३९ साली डगेरोटाइपचं तंत्र जाहीर झालं. त्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट चित्र उमटायचं. पत्रा अपारदर्शक, त्यामुळे ज्या बाजूवर प्रकाश पडला त्याच बाजूने तो बघावा लागे. साहजिकच त्यातला माणूस डावा-उजवा बदललेला दिसे. पुढे लोखंडी पत्र्यावरचे स्वस्त टिनटाइप आले, त्यांचीही गत तीच. अमेरिकेतला कुप्रसिद्ध बंदूकबाज बिली द किड याचा सर्वांत प्रसिद्ध फोटो असाच टिनटाइप आहे, १८७९-८०च्या सुमाराचा. त्यात पिस्तूल त्याच्या डाव्या कमरेला दिसतं. तेवढ्यावरून तो डावखुरा होता अशी समजूत कित्येक दशकं चालली. उलगडा झाला तो त्याच्या हातातल्या रायफलवरून. विंचेस्टर १८७३ या रायफलमध्ये काडतुसं भरायची खिडकी उजव्या बाजूला असते आणि फोटोत ती डावीकडे आहे. म्हणजे अख्खा फोटोच उलटा. पिस्तूल उजव्या कमरेला होतं.

फिल्मने ही अडचण सोपी केली. निगेटिव्ह पारदर्शक असते, ती योग्य बाजूने धरून छापली की चित्र सरळ. क्वचित कुणी निगेटिव्ह पालथी लावली तर दुकानाच्या पाटीवरची अक्षरं लगेच चुगली करत.

डिजिटल सेन्सरवर चित्र नसतंच, नुसते आकडे असतात. सेन्सर म्हणजे लाखो बारीक चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोन आपल्यावर किती प्रकाश पडला तेवढं सांगतो. बहुतेक सेन्सरांत प्रत्येक चौकोनावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एक फिल्टर असतो. ही मांडणी कोडॅक या कॅमेरा-फिल्म कंपनीत काम करणाऱ्या ब्राइस बायर यांची आहे आणि तिचं पेटंट १९७६ सालचं आहे. हे आकडे कोणत्या क्रमाने वाचायचे ते कॅमेरा बनवणारे ठरवतात. खालच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, प्रत्येक ओळ योग्य टोकाकडून धरली, की डोक्यावर उभं असलेलं चित्र सरळ होतं. त्यासाठी काच, आरसा, भिंग काहीच लागत नाही. आणि आरशासारखं उलटं चित्र हवं असेल तर प्रत्येक ओळ शेवटापासून सुरुवातीकडे वाचायची. ओळीत ४००० चौकोन असतील तर पहिल्याचा आकडा ४०००व्या जागी, दुसऱ्याचा ३९९९व्या जागी. एकाही चौकोनाचा रंग बदलत नाही, बदलते ती फक्त जागा.

सम आरसे, विषम आरसे

जुन्या कॅमेऱ्यांत ही आकड्यांची सोय नव्हती. फोटो काढण्याआधी काय दिसतंय ते बघायचं तर प्रकाशच डोळ्यापर्यंत आणावा लागे आणि त्यासाठी खरे आरसे लागत. इथे एक सुंदर नियम कामी येतो. प्रकाश वाटेत जितक्या वेळा परावर्तित झाला ती संख्या सम असेल तर चित्र सरळ, विषम असेल तर आरशासारखं उलटं.

१९२९ साली बाजारात आलेल्या रोलायफ्लेक्सला एकाखाली एक अशा दोन लेन्स होत्या. खालची फोटो काढायला, वरची बघायला. वरच्या लेन्समागे ४५ अंशांत एक आरसा असे आणि तो चित्र वरच्या काचेवर टाके. फोटोग्राफर कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून त्या काचेत बघे. आरसा एकच, म्हणजे विषम, म्हणून चित्र उभं पण डावं-उजवं बदललेलं. चौकटीत उजवीकडे सरकलेल्या माणसाला मध्ये आणायला कॅमेरा वळवावा तर तो आणखीच कडेला जाई. आपल्याकडे याशिका कंपनीचे दोन लेन्सवाले कॅमेरे स्टुडिओंत आणि लग्नकार्यांत बरीच वर्षं वापरात होते. त्या काळचे फोटोग्राफर हा उलटा हिशोब हाताला वळण लावून पाठ करत. स्थिर बसलेल्या वधूवरांचा फोटो काढणं त्यामुळे सोपं होतं. वरातीत नाचणाऱ्या माणसाला चौकटीत पकडणं मात्र फार अवघड होतं, आणि त्या काळी निघालेले असे चांगले फोटो बघितले की त्या हातांबद्दल खरोखर आदर वाटतो.

ही अडचण सोडवली पेंटाप्रिझमने. १९४९ साली पूर्व जर्मनीत तयार झालेल्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्यात आरशाच्या वर काचेचा एक पैलूदार ठोकळा बसवला होता. घराच्या छपरासारखे दोन उतार असलेल्या या ठोकळ्यात प्रकाश तीनदा परावर्तित होतो. खालचा आरसा धरून चार. चार ही सम संख्या, म्हणून डोळ्याला चित्र उभंही दिसतं आणि डावं-उजवंही जागेवर. १९५९ च्या निकॉन एफपासून आजच्या डीएसएलआरपर्यंत, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांपर्यंत, हीच रचना चालत आली. कॅमेऱ्याच्या डोक्यावर मध्ये जो उंचवटा दिसतो त्यात हाच ठोकळा असतो. स्वस्त मॉडेलांत वजन आणि किंमत वाचवायला काचेऐवजी छोटे आरसे चिकटवतात. त्यांतून चित्र थोडं अंधुक दिसतं, पण हिशोब तोच.

या रचनेत दिसणारं चित्र हा खरा प्रकाश असतो, त्यामुळे त्याला उशीर होत नाही. पण फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर उचलला जातो आणि व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, काळा होतो. ज्या क्षणाचा फोटो निघतो नेमका तोच क्षण फोटोग्राफरला दिसत नाही.

सेन्सरमधून थेट स्क्रीनवर

पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला स्क्रीन नव्हती. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी तो बनवला. त्यात एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत आणि तो बघायला टीव्ही जोडावा लागे. सामान्य माणसाच्या हातात पाठीमागे रंगीत स्क्रीन असलेला कॅमेरा आला तो १९९५ साली, कॅसिओचा क्यूव्ही-१०. स्क्रीन फक्त १.८ इंचांची आणि फोटो ३२० गुणिले २४० चौकोनांचा. आजच्या मानाने अगदीच लहान. पण त्यामुळे एक मोठा बदल झाला. डोळ्याला कॅमेरा लावायची गरज संपली.

डीएसएलआरला मात्र हे बराच काळ जमलं नाही, कारण सेन्सरच्या पुढे आरसा आणि शटर दोन्ही आडवे असत. प्रकाश सेन्सरपर्यंत पोचायचा तो फोटो काढतानाच. २००६ च्या ऑलिंपस ई-३३० मध्ये लाइव्ह व्ह्यू, म्हणजे फोटो काढण्याआधी चित्र थेट स्क्रीनवर बघायची सोय, आली. २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी१ काढला आणि आरसाच काढून टाकला. तिथून मिररलेस कॅमेऱ्यांचं युग सुरू झालं. या कॅमेऱ्यांत डोळा लावून बघायची जागा असते, पण तिच्या आत काच नसून एक छोटी स्क्रीनच असते.

आता या स्क्रीनवरच्या चित्राचा जन्म जवळून बघू. समजा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे ६००० गुणिले ४००० चौकोन. हलणारं चित्र सलग आणि गुळगुळीत दिसावं म्हणून समजा सेकंदाला ६० चित्रं दाखवायची आहेत. प्रत्येक वेळी अख्खा सेन्सर वाचायचा तर सेकंदाला १४४ कोटी आकडे वाचावे लागतील. बॅटरी बघता बघता संपेल आणि कॅमेरा तापेल. म्हणून प्रिव्ह्यूसाठी, म्हणजे फोटोआधी स्क्रीनवर दिसणाऱ्या चित्रासाठी, कॅमेरा सहसा मधल्या ओळी गाळतो, नाहीतर शेजारच्या चौकोनांचे आकडे एकत्र करून एकच काढतो. मग घाईघाईने रंग भरतो, चित्र लहान करतो आणि स्क्रीनकडे पाठवतो. ते डोळ्यापुढे येईपर्यंत पुढचं चित्र तयार होत असतं.

स्क्रीनचे आकडेही समजून घ्यायला हवेत, कारण जाहिरातीत त्यांनी भलताच समज होतो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात '१०.४ लाख डॉट्सची स्क्रीन' असं लिहिलेलं असतं. हे डॉट्स म्हणजे लाल, हिरवे आणि निळे ठिपके, आणि त्या तिघांचा मिळून एक पिक्सेल होतो. म्हणजे खरे पिक्सेल साडेतीन लाखांच्या आसपास, ७२० गुणिले ४८०. फोटो २ कोटी ४० लाख पिक्सेलचा आणि तो दाखवणारी स्क्रीन साडेतीन लाखांची. स्क्रीनवरचा एकेक पिक्सेल फोटोतल्या जवळपास ७० पिक्सेलांच्या वतीने उभा असतो. फोकस डोळ्यांऐवजी कानावर बसला असेल किंवा हात जरासा हलला असेल, तर तो दोष या ७० पिक्सेलांच्या घोळक्यात दडून जातो. म्हणून फोटो काढल्यावर भिंगाचं बटण दाबून चेहरा मोठा करून बघावा. परत न येणारा प्रसंग असेल, मुंज असो की बारसं, तर हे दोन सेकंद खर्च केलेच पाहिजेत असं मी आग्रहाने सांगेन.

उजेडाच्या बाबतीत स्क्रीन याहून जास्त दगा देते. रात्री अंधाऱ्या मांडवात तीच स्क्रीन झगझगीत भासते आणि फोटो भरपूर उजळ आलाय असं वाटतं. भर दुपारी उन्हात तीच स्क्रीन मरगळलेली दिसते आणि आपण उगाच प्रकाश वाढवत बसतो. बदल आपल्या डोळ्यांत झालेला असतो, फोटोत नव्हे. यावर खात्रीचा उपाय हिस्टोग्राम. कोपऱ्यात दिसणारा तो डोंगरासारखा आलेख चित्रात गडद, मध्यम आणि उजळ भाग किती आहेत ते सांगतो आणि त्याच्यावर सूर्याचा परिणाम होत नाही. डोंगर उजव्या भिंतीला जोरात टेकला असेल तर पांढरे कपडे, शालूची जर आणि आकाश यांतले तपशील बहुधा गेले. फोटो रॉ प्रकारात, म्हणजे सेन्सरचे मूळ आकडे तसेच साठवून, काढणाऱ्यांसाठी एक बारकावा: बहुतेक कॅमेऱ्यांत हा आलेख रॉच्या आकड्यांवरून निघत नाही, प्रिव्ह्यूसाठी तयार केलेल्या जेपेग चित्रावरून निघतो. त्यामुळे आलेखात गेलेला दिसणारा थोडा तपशील रॉमध्ये शिल्लक असू शकतो.

अंधारात प्रिव्ह्यू अडखळत चालतो याचं कारणही साधं आहे. एकेका चित्रासाठी सेकंदाचा पंधरावा भाग प्रकाश गोळा करायचा असेल, तर सेकंदाला पंधराच्या वर चित्रं निघूच शकत नाहीत. ट्यूबलाइटखाली किंवा काही एलईडी दिव्यांखाली स्क्रीनवर आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. बहुतेक सेन्सर ओळीमागून ओळ वाचतात, म्हणून काही ओळी दिवा प्रखर असताना वाचल्या जातात तर काही मंद असताना. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्टे जातात.

फोनची गोष्ट आणखी पुढची. रात्रीच्या फोटोसाठी फोन एकामागोमाग बरीच चित्रं टिपतो आणि ती जुळवून एक फोटो बनवतो. हे काम सेकंदाला तीस-साठ वेळा करणं जमत नाही, म्हणून प्रिव्ह्यू दाणेदार दिसतो आणि गॅलरीतला फोटो स्वच्छ निघतो. फोटो उघडल्यावर क्षणभराने त्याचे रंग बदललेले कधी दिसतात, तेव्हा ही जुळवाजुळव नुकतीच पुरी झालेली असते. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं धूसर दिसणारं दृश्यही प्रिव्ह्यूत अंदाजाने केलेलं असतं. केसांच्या कडा, कानातल्याचं झुंबर, चष्म्याची दांडी हे सगळं पक्कं ठरतं ते नंतर.

मग सेल्फीचा प्रिव्ह्यू उलटा का

कारण आपले हात आरशाला सरावलेले आहेत. कपाळावर आलेली बट बाजूला सारताना, भांग सरळ करताना, कॉलर नीट करताना आपण रोज आरशात बघतो. तिथे हात ज्या बाजूला न्यावा त्याच बाजूला दिसतो. व्हिडिओ कॉलच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं चित्र आरशासारखं दिसणं बंद करा आणि मग बट सारून बघा. हात भलतीकडेच जातो. सेल्फी काढताना फोन डावीकडे न्यावा की उजवीकडे, हेही कळेनासं होतं. ही अडचण टाळायलाच फोन स्क्रीनवर जाणारं चित्र उलटवतो. सेन्सरकडून येणारे आकडे तसेच असतात, उलटापालट फक्त दाखवताना होते.

पाठीमागची स्क्रीन उघडून पुढे वळवता येते अशा कॅमेऱ्यांत हे दोन टप्प्यांत होतं. स्क्रीन पुढे वळली की चित्र डोक्यावर उभं राहतं, ते १८० अंशांत फिरवणं भागच असतं. स्क्रीन वळल्याचं कॅमेऱ्याला कळतं आणि तो चित्र फिरवतो. त्यानंतर आरशासारखं उलटवणं ही त्यावरची जादा सोय. काही मॉडेलांत ती बंद करता येते. स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्यांना मसाल्याच्या पाकिटावरचं नाव स्क्रीनवर उलटं दिसतं आणि घाबरायला होतं, पण रेकॉर्ड झालेल्या व्हिडिओत ते सहसा सरळच असतं. ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकांचंही तेच. फळ्यावरची अक्षरं शिक्षकांना स्वतःच्या चौकटीत उलटी दिसतात, पण मुलांना सरळ दिसतात. झूममधलं आरशाचं सेटिंग तर फक्त तुम्हाला दिसणारं तुमचं चित्र बदलतं, समोरच्यांना काही फरक पडत नाही.

खरा प्रश्न येतो साठवताना. सरळ फोटो साठवला तर लोक म्हणतात, "स्क्रीनवर छान दिसत होते, फोटोत चेहरा वाकडा का आला?" यामागेही कारण आहे. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. आपण स्वतःला बघतो ते आरशात, म्हणून आपल्याला उलटा चेहरा ओळखीचा वाटतो. १९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकी संशोधकांनी याची चाचणी घेतली. त्यांनी तरुणींना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा. बहुतेकींना स्वतःचा आरशासारखा फोटो आवडला. त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सरळ फोटो जास्त आवडला, कारण ते त्यांना रोज तसेच बघत होते. तेव्हा सेल्फी गॅलरीत विचित्र वाटला तरी मन लहान करू नका. तो चेहरा तुमच्या माणसांना आवडतो तोच आहे.

तरीही लोकांची मागणी राहिली आणि कंपन्यांनी पर्याय दिला. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मिरर फ्रंट कॅमेरा' आहे. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत 'सेव्ह सेल्फीज अ‍ॅज प्रिव्ह्यूड' अशा अर्थाचं सेटिंग असतं. ते चालू असेल तर आरशातलं चित्र जसंच्या तसं फोटो म्हणून साठवलं जातं. काही सोशल मीडिया अ‍ॅप्सच्या आतला कॅमेरा स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने चालतो, त्यामुळे एकाच फोनमध्ये एका अ‍ॅपचा फोटो सरळ आणि दुसऱ्याचा उलटा असंही होतं.

उलटवण्याचे प्रकारही दोन. एकात पिक्सेलच उलट्या क्रमाने साठवतात. दुसऱ्यात पिक्सेल तसेच ठेवून फाइलच्या आत, एक्झिफ नावाच्या माहितीच्या कप्प्यात, हे चित्र कसं दाखवायचं त्याचा एक आकडा लिहितात. हा आकडा १ ते ८ असतो. १ म्हणजे आहे तसं, ३, ६ आणि ८ म्हणजे वेगवेगळ्या अंशांत फिरवून, तर २, ४, ५ आणि ७ म्हणजे आरशासारखं उलटवून, काहींत फिरवूनही. फोन उभा धरून काढलेला फोटो एखाद्या सरकारी फॉर्ममध्ये अपलोड केल्यावर आडवा होतो, त्याचं नेहमीचं कारण हेच. फोनला तो आकडा वाचता येतो, त्या वेबसाइटला येत नाही. अशा वेळी फोटो एडिटरमध्ये उघडून, थोडा कापून, नव्याने सेव्ह केला की बहुधा काम होतं, कारण तेव्हा पिक्सेलच नव्या जागी मांडले जातात.

जिथे बाजू महत्त्वाची असते

वाढदिवसाचा सेल्फी उलटा साठवला गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. डॉक्टरांना पाठवलेल्या फोटोत मात्र बिघडू शकतं. आता गावाकडून शहरातल्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातात: डोळा लाल झालाय, गालावर चट्टा उठलाय, तीळ वाढलाय. फ्रंट कॅमेऱ्याने काढलेला उलटा फोटो गेला तर उजवा डोळा डावा होतो. म्हणून असा फोटो शक्यतो मागच्या कॅमेऱ्याने, दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावा आणि सोबत 'उजवा डोळा' असं शब्दांत लिहावं. ही काळजी दंतवैद्यही घेतात. मागच्या दाढांचे फोटो तोंडात छोटा आरसा धरून काढतात, आणि ते केस पेपरला जोडण्याआधी उलटवून सरळ करतात.

गाडीचा रिव्हर्स कॅमेरा याच तत्त्वावर चालतो. तो मागे बघत असतो, ड्रायव्हर पुढे. सरळ चित्र दाखवलं तर डावीकडचा खांब स्क्रीनवर उजवीकडे येईल आणि स्टिअरिंग चुकीच्या बाजूला फिरेल. म्हणून ते चित्र मुद्दाम आरशासारखं उलटवलेलं असतं. मागे उभ्या असलेल्या गाडीची नंबर प्लेट त्यावर उलटी दिसते ती यामुळेच. मागच्या काचेवर लावलेल्या डॅशकॅमचं काम वेगळं आहे. त्याच्या रेकॉर्डिंगची गरज पडते ती अपघात झाल्यावर, विमा कंपनीला किंवा पोलिसांना दाखवायला, आणि तिथे नंबर प्लेट वाचता आलीच पाहिजे. अशा बऱ्याच डॅशकॅममध्ये मागचं चित्र आरशासारखं करण्याचं सेटिंग असतं. ते बंद ठेवावं, आणि बसवल्याच्या दिवशीच एक क्लिप फोनवर उतरवून मागच्या गाडीचा नंबर सरळ वाचता येतो का ते बघून घ्यावं.

फोनची तपासणी तर त्याहून सोपी. वर्तमानपत्राचं पहिलं पान चेहऱ्याशेजारी धरून एक सेल्फी काढा आणि गॅलरीत उघडा. मथळा वाचता आला तर फोन सरळ फोटो साठवतोय. नाही आला तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आरशाचा पर्याय शोधून बंद करा. घरात प्रत्येकाच्या फोनवर हे वेगळं असू शकतं, आणि तुम्ही रोज वापरता त्या प्रत्येक कॅमेरा अ‍ॅपसाठी हीच तपासणी पुन्हा करावी लागते.